खोक्यात काय टाकाल? सणांच्या दिवसांत फूड बँकेला मदत करताना

अमेरिकेतल्या मराठी घरात सणांचे दिवस दिवाळीपासूनच सुरू होतात. फराळाचे डबे रिकामे होत नाहीत तोच नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येतं, पाठोपाठ नाताळ आणि नवं वर्ष. याच आठवड्यांत ऑफिसच्या लिफ्टजवळ, मुलांच्या शाळेत, वाचनालयाच्या दारात आणि अलीकडे मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातही पुठ्ठ्याची मोठी खोकी मांडलेली दिसतात. फूड बँकेसाठी अन्न द्या, असं त्यांवर लिहिलेलं असतं. आपण घरी येतो, स्वयंपाकघरातलं कपाट उघडतो, मागच्या बाजूला राहिलेले दोन-चार डबे काढतो आणि दुसऱ्या दिवशी खोक्यात टाकतो.

देण्याची इच्छा खरी असते आणि गरजही खरी आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या पाहणीनुसार २०२३ साली या देशातल्या १३.५ टक्के घरांना वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. म्हणजे सुमारे १ कोटी ८० लाख घरं आणि त्यांत राहणारी ४ कोटी ७० लाखांहून जास्त माणसं. यातले कितीतरी जण रोज कामाला जातात. घरभाडं, औषधं आणि गाडीचा हप्ता भागवल्यावर किराण्यासाठी हातात काही उरत नाही, अशी ही घरं आहेत.

मग आपलं देणं या घरांच्या ताटापर्यंत नीट पोचावं कसं? माझं सांगणं एवढंच आहे, की काय द्यायचं, किती द्यायचं आणि कधी द्यायचं हे आपल्या कपाटाकडे बघून ठरवू नका, घेणाऱ्याच्या बाजूने ठरवा. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

फूड बँक आणि पँट्री

हे दोन शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो, पण देणाऱ्याला फरक माहीत असलेला बरा. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम. शेतकरी, कारखाने, सुपरमार्केट आणि सरकारी योजना यांच्याकडून तिथे ट्रकच्या ट्रक माल येतो, तपासला जातो, शीतगृहात ठेवला जातो आणि पुढे वाटला जातो. पँट्री म्हणजे चर्च, मंदिर, शाळा किंवा समाजकेंद्रात चालणारी छोटी जागा. गरजू माणूस प्रत्यक्षात तिथे येतो.

ही पद्धत सुरू झाली १९६७ साली, अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्स शहरात. जॉन व्हॅन हेंगल नावाचे निवृत्त व्यावसायिक तिथल्या अन्नछत्रात स्वयंसेवक होते. दुकानांच्या कचऱ्यातून मुलांसाठी अन्न वेचणारी एक आई त्यांना भेटली. पैसे ठेवायला आणि काढायला जशी बँक असते तशी अन्नाचीही असायला हवी, ही कल्पना त्यांना तिच्या बोलण्यातून मिळाली, असं सांगतात. सेंट मेरीज बॅसिलिका या चर्चने ३,००० डॉलर आणि एक पडीक इमारत दिली आणि सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली. आज ‘फीडिंग अमेरिका’ या जाळ्यात सुमारे २०० फूड बँका आहेत. मराठी वस्ती जिथे जास्त आहे तिथली काही नावं सांगायची तर न्यू जर्सीत हिलसाइडची कम्युनिटी फूडबँक, सॅन होजेची सेकंड हार्वेस्ट, ह्यूस्टन फूड बँक आणि ग्रेटर शिकागो फूड डिपॉझिटरी. तुमच्या भागातली कोणती, हे फीडिंग अमेरिकेच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की कळतं.

पैसे आणि मोठा साठा फूड बँकेला द्यावा. दोन पिशव्या किराणा द्यायचा असेल, तर घराजवळच्या पँट्रीत नेऊन द्यावा. तिथे तो त्याच आठवड्यात कुणाच्या तरी घरी जातो.

शक्य असेल तर आधी पैसे द्या

हे ऐकायला कोरडं वाटतं. आपल्या मनात अन्नदान म्हणजे पान वाढणं, आपल्या हाताने भात घालणं. डबा हातात धरून दिला की काही दिल्यासारखं वाटतं, कार्डावरून वळते केलेले पन्नास डॉलर तसे वाटत नाहीत. पण गोदामाच्या बाजूने पाहिलं तर चित्र बदलतं.

आपण दुकानात जाऊन पूर्ण किमतीला चण्याचा डबा घेतो. फूड बँक तोच माल घाऊक दराने, ट्रकभर घेते. शिवाय तिला मिळणारा बराचसा माल फुकटच असतो, पण तो शेतातून किंवा दुकानातून उचलून आणायला ट्रक, डिझेल, शीतगृह आणि माणसं लागतात. तुमचा डॉलर तिथे खर्च होतो. एका डॉलरमधून किमान दहा जेवणांची सोय होते, असं फीडिंग अमेरिका सांगते, ते याच हिशेबाने. पैशांतून दूध, अंडी, ताजी भाजी आणि फळं घेता येतात. खोक्यात आपण या वस्तू टाकूच शकत नाही. आणि या आठवड्यात पीनट बटर संपलं आहे की लहान मुलांचं दूध, हे तिथल्या माणसांनाच ठाऊक असतं.

देण्यापूर्वी संस्था करमुक्त, म्हणजे ५०१ सी ३ वर्गातली आहे ना, हे पाहून घ्या. चॅरिटी नॅव्हिगेटरसारख्या संकेतस्थळांवर तिचा हिशेबही बघता येतो. तुमची कंपनी देणगीच्या बरोबरीने स्वतःची रक्कम घालते का, हे जरूर विचारा. अनेक मोठ्या कंपन्या घालतात, आणि अर्ज करायचं राहून गेल्यामुळे ती रक्कम तशीच पडून राहते. थँक्सगिव्हिंगनंतरच्या मंगळवारी, २०१२ पासून पाळल्या जाणाऱ्या गिव्हिंग ट्यूसडेला काही देणगीदार लोकांच्या देणगीइतकीच भर आपल्याकडून घालतात, तेव्हा ती तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

कराचा हिशेब थोडक्यात. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीसाठी संस्थेची लेखी पोच लागते. खर्चाची तपशीलवार वजावट न घेणाऱ्यांनाही २०२६ पासून रोख देणगीवर वजावट मिळते, एकट्याला १,००० डॉलरपर्यंत आणि जोडप्याला एकत्र विवरणात २,००० पर्यंत. दिलेल्या वस्तू त्यात धरल्या जात नाहीत. देणगी ३१ डिसेंबरच्या आत केलेली असावी.

वस्तूच द्यायच्या असतील तर

मुलांना सोबत घेऊन दुकानात जावं, त्यांनी निवडलेल्या वस्तू त्यांच्याच हाताने खोक्यात ठेवाव्यात, यालाही मोल आहे. तेव्हा डबे द्यायचे तर हे द्या:

• प्रथिनं देणारं: पीनट बटर, डबाबंद राजमा, चणे आणि घेवडा, पाण्यातला ट्यूना किंवा चिकन. यांची चणचण सगळ्यात जास्त असते.
• नाश्त्याचं: ओट्स, कमी साखरेचं सीरिअल, फ्रिजशिवाय टिकणारं दूध.
• भाज्या आणि फळं: कमी मिठाच्या भाज्या, आणि पाकाऐवजी रसात ठेवलेली फळं. पँट्रीत येणाऱ्यांत रक्तदाब आणि मधुमेह असलेले पुष्कळ असतात.
• स्वयंपाकाचा पाया: तांदूळ, पास्ता, प्लॅस्टिकच्या बाटलीतलं तेल, मीठ, मिरपूड, मसाले. मसाले क्वचितच कुणी देतं, आणि नुसत्या उकडलेल्या बीन्स खाऊन माणूस कंटाळतो.
• खाण्यापलीकडचं: साबण, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड, डायपर. सरकारी अन्नमदतीच्या, म्हणजे स्नॅपच्या कार्डावर यातलं काहीच घेता येत नाही.

वस्तू उचलताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे उघडता येईल का? डबा उघडण्याचं साधन प्रत्येकाकडे नसतं, म्हणून कडी ओढून उघडणारे डबे घ्या. हे शिजवता येईल का? गाडीत किंवा मोटेलच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडे शेगडी नसते, तिथे एका वेळेपुरतं, तयार खाता येणारं पाकीट कामाला येतं. आणि हे घरी नेता येईल का? पँट्रीत बरेच जण बसने किंवा पायी येतात. वीस पौंडांच्या एका गोणीपेक्षा दोन-दोन पौंडांच्या दहा पिशव्या कितीतरी उपयोगी. गोणी फोडून लहान पिशव्या भरण्याची सोय आणि परवानगी सगळीकडे नसते.

काय देऊ नये

घरी केलेलं काहीही देऊ नका. दिवाळीनंतर उरलेल्या चकल्या, लाडू, चिवडा कितीही उत्तम असला तरी पँट्रीला तो घेता येत नाही, कारण त्यात काय घातलं आहे हे लिहिलेलं नसतं आणि दाण्यांची किंवा काजूची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. तो फराळ शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या मंडळींना द्या. घरचं लोणचं आणि जॅमही याच कारणाने नको. काचेच्या बाटल्या नकोत, एक फुटली की सगळं खोकं टाकून द्यावं लागतं. उघडलेली पाकिटं नकोत. फुगलेला, गळका, गंजलेला किंवा शिवणीवर खोल पोचा पडलेला डबा तर थेट कचऱ्यात टाका, कारण त्यात बोट्युलिझमचं विष तयार झालेलं असू शकतं.

तारखांबद्दल बराच गोंधळ असतो. लहान बाळांच्या दुधाची भुकटी सोडली, तर अमेरिकेत खाद्यपदार्थांवर तारीख छापण्याची केंद्रीय कायद्याने सक्ती नाही. ‘बेस्ट बाय’ ही तारीख चवीची आणि दर्जाची असते. ती उलटली म्हणजे पदार्थ विषारी झाला असं नाही. टोमॅटो आणि फळांसारखे आंबट डबे साधारण दीड वर्ष, तर बीन्स, मका, मासे यांसारखे डबे दोन ते पाच वर्षं चांगले राहतात. बाळाचं दूध मात्र छापलेल्या तारखेनंतर कधीही देऊ नये. असं असलं तरी देताना तारीख न उलटलेलीच वस्तू द्या. तुम्ही पाहुण्याला जे वाढाल तेच खोक्यात ठेवा. तारीख गेलेला माल वेगळा काढण्यात स्वयंसेवकांचे तास जातात, आणि तो टाकून देण्याचा खर्च संस्थेवर पडतो.

डाळ-तांदळालाही जागा आहे

अनेक पँट्रींमध्ये आता दुकानासारखी मांडणी असते. येणारा माणूस पिशवी घेऊन फिरतो आणि हवं ते निवडतो. आधीच भरून ठेवलेलं खोकं हातात देण्यापेक्षा ही पद्धत मानाची आहे, आणि अन्नही कमी वाया जातं, कारण न खाल्लं जाणारं कुणी उचलत नाही.

अशा फळीवर तूरडाळ, मूगडाळ, बासमती, कणीक, हळद-तिखट असेल तर ते घेणारं माणूस नक्की असतं. मुलांकडे राहायला आलेले शाकाहारी वृद्ध, नोकरी गेलेली कुटुंबं, नेपाळ, बांगलादेश किंवा भूतानहून आलेले निर्वासित, आणि आपलेच विद्यार्थी. पुण्या-नागपुराहून एमएस करायला आलेल्या मुलाचं बजेट रुपयात बेतलेलं असतं, पण घरभाडं डॉलरमध्ये द्यावं लागतं. आज शेकडो विद्यापीठांमध्ये कॅम्पस पँट्री आहेत. मिशिगन स्टेट विद्यापीठात तर विद्यार्थ्यांनी चालवलेली फूड बँक १९९३ पासून आहे. तुमच्या गावातल्या विद्यापीठाच्या पँट्रीला फोन करून विचारा, डाळ-तांदूळ आणि मसाले चालतील का. चालणार असतील तर कारखान्यात बंद केलेली, इंग्रजी लेबलाची लहान पाकिटं द्या. आणि कुठल्याही पँट्रीला डाळ दिलीत तर ती कशी शिजवायची हे चार ओळींत लिहून सोबत द्या, म्हणजे मेक्सिकोच्या आजीलाही ती घरी नेता येईल.

मंडळाने संकलन करायचं असेल तर

दिवाळीच्या कार्यक्रमाला तीन-चारशे माणसं एका छताखाली येतात. ही मोठी ताकद आहे, आणि थोडी आखणी केली तर तिचं सोनं होतं.

पहिलं काम म्हणजे कार्यक्रमाच्या महिनाभर आधी फूड बँकेला फोन. त्यांना काय हवं आहे, खोकी ते देतील का, माल कोण आणि कुठल्या वेळी पोचवणार, हे ठरवून घ्या. न सांगता रविवारी संध्याकाळी भरलेली व्हॅन दारात उभी करू नका. दुसरं, ‘काहीही आणा’ असं सांगू नका. ‘यंदा फक्त पीनट बटर आणि ओट्स’ अशी दोनच नावं आमंत्रणावर छापा. लोकांना सोपं जातं, निवडण्याचं काम उरत नाही आणि पँट्रीला एका वस्तूचा भरघोस साठा मिळतो. तिसरं, खोक्याशेजारी क्यूआर कोड लावा, म्हणजे वस्तू आणायला विसरलेल्यांना तिथेच पैसे देता येतील. बहुतेक फूड बँका मंडळाच्या नावाने असं देणगीचं पान उघडून देतात.

उरलेल्या जेवणाचा प्रश्नही असतोच. केटररकडचं, पंगतीत न गेलेलं, हात न लागलेलं अन्न वाचवता येतं. ते उचलणाऱ्या वेगळ्या संस्था असतात. न्यूयॉर्कमधली सिटी हार्वेस्ट १९८२ पासून हे काम करते. अट एवढीच, की त्यांच्याशी आधी बोलणं झालेलं असावं आणि अन्न योग्य तापमानात ठेवलेलं असावं, गरम पदार्थ १४० अंश फॅरनहाइटच्या वर आणि थंड ४० अंशांच्या खाली. दोन तासांहून जास्त वेळ टेबलावर उघडं राहिलेलं अन्न देऊ नये. काही झालं तर मंडळावर खटला होईल, या भीतीने बरेच जण मागे सरतात. पण १९९६ च्या बिल इमर्सन गुड समॅरिटन कायद्याने चांगल्या हेतूने, सांभाळून अन्न देणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे.

हातभार लावायला कधी जावं

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात आणि नाताळच्या सुमारास स्वयंसेवकांच्या याद्या भरून गेलेल्या असतात. मुलांना काम दाखवायला सगळ्यांनाच तो आठवडा हवा असतो. जानेवारी उजाडला की खोकी उचलली जातात, कंपन्यांचे गट येईनासे होतात आणि गोदामात माणसं कमी पडतात. भूक मात्र सुट्टी पाहून येत नाही. हिवाळ्यात घर गरम ठेवण्याचं बिल वाढतं आणि किराण्याचे पैसे तिकडे जातात. उन्हाळ्यात शाळा बंद होते, तिथलं दुपारचं जेवण बंद होतं, आणि घरात तेवढी ताटं वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारचं कामकाज ४३ दिवस ठप्प झालं, नोव्हेंबरची स्नॅपची मदत अडकली आणि देशभर पँट्रींपुढे रांगा लांबल्या. अशा वेळी कामी येतो तो आधीपासून भरत ठेवलेला साठा आणि महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा.

हे आपल्याला नवं नाही. पूर्वी पुण्यात शिकायला आलेला गरीब मुलगा वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्या घरचा वार असेल त्या घरी त्याचं पान ठरलेलं असायचं. त्याला दर वेळी हात पसरावा लागत नसे, आणि घरालाही ते ओझं वाटत नसे, कारण आठवड्यातला एकच दिवस त्यांचा होता. फूड बँकेला दरमहा जाणारी पंचवीस डॉलरची आपोआप देणगी म्हणजे आपल्या घराने घेतलेला वार आहे. वर्षाला तीनशे डॉलर होतात. ते नोव्हेंबरमध्ये एकदम देण्यापेक्षा महिन्याला पंचवीसप्रमाणे दिले, तर गोदामाला एप्रिलच्या खरेदीचा बेत आत्ताच आखता येतो.

आणि घरातच गरज असेल तर

हे वाचणाऱ्यांतही कुणाची नोकरी गेली असेल, कुणाचा व्हिसा अडला असेल, कुणी विद्यार्थी रात्री बिस्किटांवर भागवत असेल. पँट्रीत जाण्यात कमीपणा नाही. २११ या क्रमांकावर फोन केला की बहुतेक ठिकाणी जवळच्या पँट्रीचा पत्ता आणि वेळ कळते. बऱ्याच पँट्री नाव, घरातली माणसं आणि राहण्याचं ठिकाण एवढंच विचारतात. ओळखीत अशा अडचणीत कुणी आहे असं वाटलं, तर ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून थांबू नका. पत्ता काढा आणि पहिल्या दिवशी सोबत जा.

आता कामाला लागायचं तर क्रम असा ठेवा. आज तुमच्या भागातली फूड बँक शोधा आणि महिन्याची देणगी सुरू करा, रक्कम लहान असली तरी चालेल. या आठवड्यात जवळच्या पँट्रीला फोन करून त्यांना काय कमी पडतं ते विचारा, आणि मुलांना घेऊन तेवढंच विकत आणा. स्वयंसेवेसाठी फेब्रुवारीतला एक शनिवार आणि जूनमधला एक शनिवार आत्ताच कॅलेंडरवर लिहा. मुलं सोबत असतील तर किमान वयाची अट आधी विचारून घ्या. मंडळाच्या कार्यकारिणीत असाल, तर पुढच्या बैठकीत पाडव्याच्या कार्यक्रमाला खोकं ठेवायचा ठराव मांडा. मार्च-एप्रिलमध्ये गुढी उभारली जाते तेव्हा नाताळात आलेलं संपलेलं असतं, आणि त्या दिवसांत खोकं भरून नेणारे फार थोडे असतात. ते आपण व्हावं.